वाफा भिंतीपासून दोन फूट लांब

पुण्यातल्या सहकारनगर भागातून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय 34, घरी नवरा आणि पाच वर्षांची मुलगी. गेल्या दिवाळीत त्यांनी 28 वर्षं जुन्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. मागे 10 बाय 12 फुटांची मोकळी जागा मिळतेय म्हणून मुद्दाम तळमजला निवडला. मागच्या बेडरूमच्या भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत पोपडे धरलेत. बाहेर पूर्वीच्या मालकांनी त्याच भिंतीला लागून वाफा केलाय. त्यात एक 'अर्धं वाळलेलं' रामफळ आहे, ते काढून तिथे गुलाब लावायचा विचार आहे. फेब्रुवारीच्या शेवटी सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून 11 रोपं आणली, त्यातली सात गेली. सगळ्या कामाचे कंत्राटदाराने साडेतीन लाख सांगितलेत, हाताशी 80 हजार आहेत. नवरा म्हणतो, कर्ज काढून एकदाच करून टाकू. यांना मात्र स्वतःच्या हाताने करायचंय. व्हिडिओ बघून ड्रिल मशीनही आणलंय. अक्षय्य तृतीयेला सासूबाई वाईहून महिनाभर राहायला येणार, तोवर घर आणि बाग 'दाखवण्यासारखी' व्हायला हवी. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, 'तुझ्या हाताला झाड लागत नाही.' पत्राच्या शेवटी विचारलंय: सुरुवात कुठून करू? की हे आपलं काम नव्हे म्हणून सोडून देऊ?

नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही तुमच्यासारख्याच दोन याद्या केल्या, घराची एक आणि बागेची एक. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. पोपडे ज्या भिंतीला आलेत, वाफा त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आहे. तुम्ही भिंतीबद्दल पहिल्या पानावर लिहिलंत आणि वाफ्याबद्दल तिसऱ्या, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी आल्याच नाहीत.

या रविवारी सकाळी टेप घेऊन मागे जा. दाराच्या उंबऱ्यापासून मोजून बघा, आतली फरशी किती उंचीवर आहे आणि वाफ्यातली माती कुठपर्यंत आली आहे. माती फरशीच्या बरोबरीला किंवा तिच्याही वर असेल, असा माझा अंदाज आहे. जोत्यापाशी ओल अडवण्यासाठी एक थर घातलेला असतो. माती त्याच्या वर चढली की तो थर असून नसल्यासारखा. विटा आणि प्लास्टर पाणी शोषतात, ते वर चढतं, आतल्या खोलीत सुकतं आणि पाण्यातले क्षार तिथेच राहतात. क्षारांचे स्फटिक फुगले की रंग, लांबी (पुट्टी), प्लास्टर सगळं सुटून येतं. भिंतीला लोणा लागलाय असं जुनी माणसं म्हणतात ते हेच. तुम्ही संध्याकाळी वाफ्याला पाणी घालता तेव्हा भिंतीलाही घालत असता.

म्हणून सुरुवात रंगापासून नको आणि रोपांपासूनही नको. सुरुवात फावड्यापासून करा. भिंतीलगतचा दोन फुटांचा पट्टा मोकळा करा आणि तिथली माती जोत्याच्या खाली निदान सहा इंच उतरवा. नऊ इंच खोल खणावं लागलं तरी 12 फुटांच्या लांबीत हे 18 घनफुटांचं काम आहे, चाळीस-पन्नास घमेली माती. दोघांनी दोन रविवार सकाळी ऊन चढायच्या आत केलं तर होऊन जाईल. मोकळ्या पट्ट्याला भिंतीकडून बाहेर जाणारा उतार द्या आणि वर खडी पसरा. वाफा त्या पट्ट्याच्या पलीकडून सुरू होऊ द्या. माझ्या मते तुमच्या घराची या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती हीच, आणि कंत्राटदाराच्या साडेतीन लाखांत ती असेलच याची मला खात्री वाटत नाही. आतून 'वॉटरप्रूफ' रंग मारून देतो, असं ते म्हणाले असतील तर नको म्हणा. माझ्या पहिल्या घरात एका कंत्राटदाराने फेब्रुवारीत हेच केलं होतं. खालची भिंत छान दिसायला लागली आणि ऑगस्टमध्ये पोपडे त्या रंगाच्या वर, पाच फुटांवर आले. आत अडवलेलं पाणी वरची वाट शोधतं.

माती उपसण्याआधी दुसरी कारणं मात्र तपासून घ्या. गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप त्याच भिंतीच्या पायथ्याशी सुटतो का? जवळच्या ड्रेनेजच्या चेंबरमधून पाणी पाझरतंय का? एसीचं पाणी कुठे पडतं? भिंतीच्या दुसऱ्या टोकाला बाथरूम आहे का? ओल खालून सरळ रेषेत चढलेली असेल तर ती बहुधा जमिनीतून येते. मध्येच एखादा गोल डाग असेल तर नळाच्या पाइपवर संशय घ्या. घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणीही आहे. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर दमटपणा खोलीतला आहे आणि खिडकी उघडी ठेवण्याने भागेल.

आणखी एक विचारते, रागावू नका. मागची जागा 'आमची' आहे असं तुम्ही लिहिलंय. खरेदीखतात तसं आहे का? इमारतीभोवतीची मोकळी जागा बहुतेक वेळा सोसायटीच्या सामाईक मालकीची असते आणि तळमजल्यावरचे लोक ती प्रेमाने सांभाळत असतात, एवढंच. तसं असेल तर सोसायटीकडून लेखी परवानगी घ्या. बाग कुणी बंद करेल म्हणून हे सांगत नाही. एकदा कागद झाला की पुढे कुणाशी वाद उरत नाही. यात तुमचा फायदाही आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती आणि बाहेरचे सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. आतले नळ, सिंक, संडास-बाथरूमची गळती सभासदाने बघायची. म्हणजे ते साडेतीन लाख सगळे तुमच्या खिशातून जायचे नसतील. चेंबर किंवा पावसाचा पाइप गळका निघाला तर सेक्रेटरींना पत्र द्या आणि पोच घ्या. (नव्या इमारतीत राहणाऱ्या वाचकांसाठी एक ओळ: रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला आणि तुम्ही तो कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. स्वतः दुरुस्तीला हात घालण्याआधी फोटो काढून लेखी कळवा.)

आता वसंताबद्दल. 'हीच लागवडीची वेळ' असं तुम्ही व्हिडिओत पाहिलंत. ते व्हिडिओ ज्या मुलखातले असतात तिथे मार्चमध्ये बर्फ वितळतो, माती ऊबदार होते आणि पुढचे सहा महिने झाडाला सुखाचे असतात. आपल्याकडे पाडव्यानंतर दोन-अडीच महिने कडक ऊन असतं. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारचा पारा 38-40 अंशांवर जाणं नवीन नाही. वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पिंपळाला तांबूस पालवी येते, पळस-पांगारा फुलतात, कारण त्यांची मुळं खोलवर गेलेली असतात. सहा इंचांच्या पिशवीतून काल बाहेर आलेल्या रोपाला तो वसंत मिळत नाही. आपले लोक चैत्र-वैशाखात कौलं शाकारायचे, अंगण चोपायचे, सरपण आत घ्यायचे आणि लावणीसाठी मृगाची वाट बघायचे. पुण्यातलं घर अजूनही याच हिशोबाने चालतं. मार्च ते मे घर आणि माती पावसासाठी तयार करायची. कलमं, गुलाब, वेली, जे काही मोठं लावायचंय ते जूनमध्ये, दोन चांगल्या सरी झाल्यावर लावायचं.

म्हणून ती सात रोपं गेली, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. वेळ चुकली, आणि बहुधा आणखी एक गोष्ट झाली. मेलेल्यांपैकी एक रोप उपटून मुळाभोवतीचा गोळा बघा. नर्सरीतली बरीच रोपं चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतात. वाहतुकीत मुळं हलू नयेत म्हणून ते सोयीचं असतं. पण असा गोळा तसाच जमिनीत ठेवला की सुकून विटेसारखा कडक होतो. तुम्ही घातलेलं पाणी त्याच्या बाजूने निघून जातं, आणि वरची माती ओली दिसत असतानाही रोप तहानेने मरतं. पुढच्या वेळी लावण्याआधी गोळा बादलीभर पाण्यात भिजत ठेवा, बाहेरची लाल माती हलक्या हाताने सोडवा आणि संध्याकाळी लावा. उरलेल्या चार रोपांच्या गोळ्यात आत्ताच पातळ सळईने पाच-सहा भोकं पाडा आणि पाणी अगदी सावकाश सोडा. बुंध्याभोवती दोन-तीन इंच पालापाचोळा अंथरा, पण खोडाला चिकटू देऊ नका. दुपारच्या उन्हाला पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. पाणी सकाळी घाला, आणि घालण्याआधी बोट दोन इंच मातीत खुपसून बघा. ओल लागली तर त्या दिवशी घालू नका. गुरुवारी पाणी बंद असलं तरी अंथरलेल्या पाचोळ्याने एक दिवस निभावतो.

रामफळ तोडू नका, एवढी माझी विनंती आहे. रामफळाची पानं या दिवसांत गळतातच आणि फळंही याच सुमाराला, रामनवमीच्या आगेमागे पिकतात. निष्पर्ण फांदी मेलेलीच असेल असं नाही. नखाने साल थोडी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. खरंच वाळलेल्या फांद्या पावसानंतरही तशाच राहिल्या तर मग बघू. शिवाय शहरात झाड तोडायला 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी. झाड भिंतीला अगदी चिकटून असेल तर दोन फुटांचा पट्टा खणताना त्याची जाड मुळं तोडू नका. तेवढ्या जागेत माती हाताने काढा.

मग आत्ता बागेत काहीच करायचं नाही का? करायचं. खत करा. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचोळ्याचे ढीग पडतात आणि लोक ते झाडून पेटवतात, हे बघून मला दरवर्षी वाईट वाटतं. सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींना सांगून चार पोती पाचोळा तुमच्याकडे आणवा. रंगाच्या 20 लिटरच्या दोन रिकाम्या बादल्यांना बाजूने आणि तळाला भोकं पाडा. एक वाटी भाजीचा ओला कचरा टाकला की दोन-तीन वाट्या चुरलेला पाचोळा टाकायचा, अधूनमधून आंबट ताक शिंपडायचं आणि एक दिवसाआड ढवळायचं. वास आला किंवा अळ्या झाल्या तर पाचोळा वाढवा. पाडव्याला सुरू केलेली बादली मृगापर्यंत खत देते, आणि तुम्हाला ते नेमकं तेव्हाच लागणार आहे. कारण इमारतीमागची 'माती' दीड फूट खणून बघा, खाली बहुतेक राडारोडाच निघतो: विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, मुरूम. ते वेचून काढणं हे उन्हाळ्यातलं कंटाळवाणं पण उपयोगाचं काम आहे.

आणि मुलीबरोबर माठ पेरा. पिशवीतलं रोप लावणं आणि बी पेरणं यात फरक आहे. बियाचं मूळ जिथे फुटतं तिथेच खाली जातं, म्हणून त्याला उन्हाचा तेवढा जाच होत नाही. माठ, तांदुळजा, चवळी, गवार, भेंडी हे सगळं उन्हाळ्यात येतं. माठाचं बी बारीक असतं, ते मूठभर वाळूत मिसळून पेरा आणि वर अगदी पातळ माती टाका. पाडवा ते अक्षय्य तृतीया जवळजवळ एक महिना होतो. माठाला खुडण्याजोगं व्हायला तेवढेच दिवस लागतात. एखादी कुंडी मोगऱ्याची ठेवा, हे त्याच्या फुलण्याचेच दिवस आहेत.

ज्यांच्याकडे अंगण नाही, फक्त बाल्कनी आहे, त्यांनी वजनाचा विचार आधी करावा. बाल्कनी साधारणपणे चौरस मीटरला 300 किलोच्या हिशोबाने बांधतात, आणि त्यात तिथे उभी राहणारी माणसंही आली. बारा इंची मातीची कुंडी पाणी घातल्यावर सहज 25 किलोच्या घरात जाते. निम्मी माती, निम्मा कोकोपीट आणि पाचोळा असं मिश्रण केलं तर भार बराच हलका होतो. कुंड्या कठड्याशी ओळीने ठेवू नका, भिंतीकडच्या बाजूला ठेवा.

आता घराच्या आतलं. लोणा लागलेल्या भिंतीला या उन्हाळ्यात रंग देऊ नका. सुटलेलं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत काढून घ्या आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुवू नका, धुतलं की ते परत आत जातात. मग मेअखेरपर्यंत भिंत उघडी सुकू द्या. पाऊस सुरू व्हायच्या आधी गवंड्याकडून नवं प्लास्टर करून घ्या आणि पावसाळाभर त्यावर फक्त चुन्याचा हात असू द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि ओल परत आली तर लपवत नाही. भिंत कोरडी राहिली तर दसऱ्याला रंग काढा. खोली दसऱ्यापर्यंत अर्धवट दिसेल हे खरं आहे. पलंग दुसऱ्या भिंतीकडे सरकवा आणि पडदा लावा.

बाकीच्या भिंती आणि दारं तुम्ही स्वतः रंगवू शकता, पण एक काळजी घ्या. घरगुती रंगात शिसं दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तुमची इमारत त्याच्या खूप आधीची आहे. दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि लहान मुलांना ते फार घातक. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, मास्क लावा, मुलीला त्या दिवशी मैत्रिणीकडे पाठवा आणि शेवटी फरशी ओल्या फडक्याने पुसा.

ड्रिल मशीन आणलंत, चांगलं केलंत. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली कधीच भोक पाडू नका, वायरचे पाइप तिथूनच जातात. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरही नको. तुमच्या इमारतीत विटांची भिंत असणार, तिथे हातोड्याचा मोड, 6 मिलिमीटरचं बिट आणि प्लॅस्टिकचा प्लग चालतो. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे असतात, तिथे साधा प्लग सैल पडतो, त्यासाठी वेगळे लांब प्लग मिळतात. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात भिंत कसली आहे ते सांगितलं की दुकानदार बरोबर काढून देतात. नळाचा वायसर बदलणं, सिंकच्या कडेला सिलिकॉन भरणं, डासांची जाळी बसवणं, ही कामं शिका. ही रोज लागतात, आणि चुकली तरी नुकसान थोडं होतं. विजेचं काम, भिंतीतली पाण्याची लाइन आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग मात्र माणसाला बोलावूनच करा. इलेक्ट्रिशियन आलाच तर घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आहे का ते बघायला सांगा आणि नसेल तर बसवून घ्या. जुन्या घरांत तो नसतो, आणि शॉक लागला तर जीव वाचवणारी वस्तू तीच.

एवढं वाचून झाल्यावर कर्जाचं उत्तर तुम्हाला मिळालं असेल. साडेतीन लाखांचा आकडा सगळं एकदम करण्याचा आहे. यातली निम्मी कामं आत्ता करायचीच नाहीत आणि काही तुमच्या खर्चाची नाहीत. तुमच्या 80 हजारांतून आधी प्लंबरची तपासणी, इलेक्ट्रिशियन आणि प्लास्टर धरा. उरतील ते दसऱ्याच्या रंगासाठी बाजूला ठेवा. नवऱ्याशी बोलताना 'मला जमेल' असं म्हणण्यापेक्षा ही कामांची वाटणी त्यांच्यापुढे ठेवा. त्यांना बहुधा अर्धवट राहिलेल्या घराची धास्ती आहे आणि ती रास्त आहे. कोणतं काम कुठल्या महिन्यात संपणार हे लिहिलेलं दिसलं की माणूस निवांत होतो.

राहिल्या सासूबाई. 'तुझ्या हाताला झाड लागत नाही' हे वाक्य तुम्हाला लागलंय, पत्रात ते दोनदा आलंय. म्हणूनच अक्षय्य तृतीयेपर्यंत सगळं सजवून दाखवायची घाई आहे, असं मला वाटतं. पण ज्यांचं वाईला परस आहे त्यांना एप्रिलमधली पुण्याची बाग कशी दिसते हे ठाऊक असणार. उघडा जमिनीचा पट्टा, खताच्या दोन बादल्या आणि माठाचा हिरवा चौकोन बघून त्यांना तुमची तयारी कळेल. शिवाय त्या येतायत तो मुहूर्त आळी घालण्याचाच आहे. अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी करायची रीत अनेक घरांत आहे. त्या यायच्या आधी दीड फूट खोल आणि तेवढेच रुंद दोन खड्डे खणून ठेवा, उन्हात तापू द्या, तळाला पाचोळा आणि अर्धवट झालेलं खत घाला. येताना वाईहून दोडक्याचं आणि दुधीचं घरचं बी आणायला त्यांना आत्ताच फोन करून सांगा. आळी त्यांनी आणि नातीने मिळून करू द्या. भिंतीपासून दोन फूट मोजून खुंटी मात्र तुम्ही आधीच ठोकून ठेवा, आणि ती का ठोकली ते त्यांना सांगा.